गाडी झकास पळतेय, मग टायमिंग बेल्ट बदलायचा कशाला?

पत्राचा सारांश

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मजकूर असा. घरी २०१४ सालची रेनॉची डिझेल डस्टर आहे. २०१९ मध्ये पुण्याहून सेकंड हँड घेतली तेव्हा मीटरवर ६२ हजार किलोमीटर होते, आता १ लाख १८ हजार आहेत. मुलगी लातूरला नीटच्या क्लासला आहे, दर पंधरवड्याला तिला आणणं-सोडणं असतं. ७७ वर्षांच्या सासूबाईंना महिन्यातून एकदा सोलापूरला हृदयाच्या डॉक्टरांकडं न्यावं लागतं. क्लच दाखवायला गाडी लातूरच्या एका गॅरेजात नेली, तर तिथल्या मेकॅनिकनं विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" कुणालाच माहीत नव्हतं. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप (इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणारा) मिळून त्यानं १९ हजार सांगितले. बेल्ट तुटला तर इंजिनाचं काम ८० हजारांच्या पुढं जाईल, असंही म्हणाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं फोनवर २८ हजार सांगितले. गावातल्या नेहमीच्या मेकॅनिकनं मात्र वरचं कव्हर काढून, बॅटरी मारून पाहिलं आणि निकाल दिला, "बेल्ट टकाटक हाय. गाडी झकास पळायली, उगं कशाला खोलता?" जुन्या मालकाच्या कागदांत १,४५० रुपयांची एक पावती सापडली, तिच्यावर "बेल्ट बदलला" एवढंच लिहिलंय. पतीचं म्हणणं, तीन लाखांच्या गाडीत वीस हजार घालण्यात अर्थ नाही, डिझेल गाड्या दहा वर्षांनी बादच होतात. सोयाबीनचे पैसे आले की बघू, नाहीतर केजच्या चुलतभावाला देऊन टाकू. बेल्टचं त्याला सांगायची काही गरज नाही. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "मला गाडीतलं काही कळत नाही, पण सोलापूरला निघालो की पोटात गोळा येतो. मी उगीच घाबरतेय का?"

उत्तर

ताई,

उगीच नाही घाबरत तुम्ही. मात्र घरात जो वाद चाललाय तो भलत्याच प्रश्नावर चाललाय. बेल्ट चांगला आहे की खराब, यावर सगळे बोलताहेत, आणि हाती असलेल्या माहितीवरून त्याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही. तुमच्या गावच्या मेकॅनिकला नाही, लातूरच्याला नाही, मलाही नाही. ठरवायचं ते एवढंच, की ज्या बेल्टचं वय कुणाला ठाऊक नाही त्याच्या भरवशावर ही गाडी अजून किती दिवस, कुठवर आणि कुणाला बसवून चालवायची.

हा बेल्ट करतो काय, ते आधी पाहू. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, पिस्टन त्याला जोडलेले असतात. वर कॅमशाफ्ट फिरतो आणि हवा आत घेणारे, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. खालच्याचे दोन फेरे होतात तेवढ्यात वरच्याचा एक व्हायला हवा, कमी नाही आणि जास्तही नाही. हा मेळ राखतो तो दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. आत काचतंतूंचे पीळ, बाहेर उष्णता सोसणारं रबर. हायवेवर इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चाललं असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,००० वेळा, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबूनच ती इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावं. त्यामुळं पिस्टन वर येतो तेव्हा तिथं जागा जवळजवळ उरतच नाही. बेल्ट तुटला किंवा त्याचे काही दात सोलले गेले की कॅमशाफ्ट थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड उतरवावं लागतं, कधी कधी पिस्टनही जातो. ८० हजारांचा आकडा लातूरच्या मेकॅनिकनं गिऱ्हाईक घाबरवायला सांगितला असेल, असं मला वाटत नाही. असलं इंजिन उघडल्याशिवाय आत काय निघेल ते कळत नाही, म्हणून तो "पुढं जाईल" असं म्हणाला.

तुमच्या डस्टरच्या १,४६१ सीसी इंजिनात हाच बेल्ट वॉटर पंप आणि डिझेलचा हाय प्रेशर पंपसुद्धा फिरवतो. एका पट्ट्यावर तीन कामं आहेत. वॉटर पंपाचं बेअरिंग जाम झालं तरी धडधाकट बेल्ट फाटू किंवा सटकू शकतो. म्हणून लातूरवाल्यानं पंपाचा खर्च सोबत धरला, त्यात गैर काही नाही. बेल्टपर्यंत पोचायला इंजिनाचं एका बाजूचं माउंटिंग सोडवावं लागतं, कव्हरं काढावी लागतात. ती मजुरी एकदा दिलीच आहे तर पंप त्याच वेळी बदलणं शहाणपणाचं.

आता "गाडी झकास पळायली" याबद्दल. पळत असणार, मला शंका नाही. क्लच जायला लागला की घसरतो, ब्रेक पॅड झिजले की किरकिरतात, बॅटरी जाण्याआधी चार सकाळी कुरकुरते. टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा यातलं काहीही करत नाही. पिकअप तोच, अ‍ॅव्हरेज तोच, आवाज तोच, आणि मग एका क्षणी इंजिन बंद. गाडी चांगली चालतेय यावरून बेल्टबद्दल काहीच सिद्ध होत नाही. सकाळी स्टार्ट करताना जी चुईंऽऽ अशी शीळ ऐकू येते ती बाहेरच्या बेल्टची असते, अल्टरनेटर आणि एसी फिरवणाऱ्या. आपल्याकडं त्याला सरसकट "फॅन बेल्ट" म्हणतात. तो वेगळा आणि हा वेगळा.

तुमच्याकडच्या पावतीचं कोडंही इथंच सुटतं. १,४५० रुपयांत या गाडीचा टायमिंग बेल्ट मजुरीसकट बदलून होत नाही. तुम्हाला आलेले १९ आणि २८ हजारांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. ती पावती बाहेरच्या बेल्टची आहे, असंच मी धरून चालेन. जुनी गाडी घेणाऱ्या पुष्कळ लोकांना हीच पावती दाखवून "बेल्ट नवीनच टाकलाय" म्हणून सांगितलं जातं. सांगणारा खोटंच बोलत असतो असंही नाही, त्याला स्वतःलाच फरक माहीत नसतो.

गावातल्या मेकॅनिकबद्दल जरा जपून लिहितो, कारण लहान गावात मेकॅनिक म्हणजे अर्धा घरचाच माणूस, त्याला दुखवून चालत नाही. त्यानं तुम्हाला फसवलेलं नाही. खर्च सांगितला असता तर काम त्यालाच मिळालं असतं, तरी तो नको म्हणाला. पण त्यानं जे पाहिलं ते अपुरं होतं. आडत्याकडं कुणी पोत्याच्या तोंडची मूठभर तूर बघून भाव लावत नाही, आतपर्यंत हात घालतो. वरचं कव्हर काढून बेल्टचा जेमतेम वीतभर भाग दिसतो. टेन्शनरचं बेअरिंग, आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), खालचा क्रँकचा भाग, कुठल्या सीलमधून बेल्टवर ऑइल उतरतंय का, हे तिथून दिसत नाही. शिवाय जुन्या काळच्या रबराला बाहेरून भेगा पडायच्या, हल्लीच्या चांगल्या रबराला पडतीलच असं नाही. आतले धागे थकलेले असतात आणि वरून पट्टा काळाभोर, गुळगुळीत दिसतो. डोळ्यांनी पाहून बेल्ट नापास करता येतो, पास करता येत नाही.

मग करायचं काय? पहिलं काम फुकटचं आहे. आरसीवर चॅसिस नंबर असतो. तो घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा किंवा फोन करा आणि या गाडीची तुमच्याकडची सर्व्हिस हिस्टरी बघून सांगा म्हणा. जुन्या मालकानं सर्व्हिसिंग कंपनीत केलं असेल तर नोंद सापडू शकते. सोबत हेही कळेल की २०१९ मध्ये मीटरवर दाखवलेले ६२ हजार खरे होते का. २०१८ च्या सर्व्हिसलाच ९० हजारांची नोंद निघाली, तर सगळा हिशेब बदलला. मीटर मागं फिरवलेल्या गाड्या बाजारात कमी नाहीत. तुमच्या विक्रेत्यानं तसं केलं असं मी म्हणत नाही, फक्त तपासा. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर विमा, पीयूसी, नोंदणी दिसते, बेल्ट कधी बदलला ते दिसत नाही. बॉनेटखाली किंवा टायमिंग कव्हरवर तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं स्टिकर आहे का तेही बघा, नीट काम करणारे मेकॅनिक ते लावतात.

दुसरं, गाडीसोबत आलेली पुस्तिका काढा. तिच्यात बेल्ट बदलण्याची मुदत किलोमीटरमध्ये आणि वर्षांत, अशी दोन्ही दिलेली असते. जी आधी भरेल ती धरायची. आपल्याकडं सगळे किलोमीटर मोजतात आणि वर्षं विसरतात. रबर गाडी उभी असली तरी म्हातारं होतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. "गाडी फारशी फिरलीच नाही" हा युक्तिवाद या भागात विशेष कामाचा नाही. नोंद सापडली नाही, तर बेल्ट २०१४ चा मूळचाच आहे असं धरा. पुरावा नाही म्हणजे बदललेला नाही, यापेक्षा सुरक्षित हिशेब मला माहीत नाही. आणि तसं धरलं तर बदलायची वेळ कधीच होऊन गेली आहे.

आता तुमच्या यजमानांच्या मुद्द्यांकडं येतो. ते चिडून बोलत नाहीत, हिशेब करताहेत, म्हणून हिशेबानंच उत्तर देऊ. "तीन लाखांच्या गाडीत वीस हजार" ही तुलना मला बरोबर वाटत नाही. गाडी तीन लाखांची आहे ती बेल्ट टिकला तरच. रस्त्यात तुटला तर गाडीची किंमत राहील इंजिन गेलेल्या गाडीएवढी, शिवाय टोचनचा खर्च वेगळा. विमा मदतीला येईल म्हणाल, तर तेही नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या वाहन विम्यात बसत नाही. फार तर रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर गाडी उचलून न्यायला माणूस येईल. दुसरी बाजू अशी, की ही विकून तीन-साडेतीन लाखांत दुसरी जुनी डिझेल गाडी घेतली, तर तिचाही बेल्ट कधी बदलला हा प्रश्न पहिल्याच दिवशी पुढ्यात येईल. ही गाडी निदान सहा वर्षं तुमच्या हाताखाली आहे, ऑइल कधी बदललं ते तुम्हाला माहीत आहे.

मात्र एका जागी त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. तुम्ही क्लच दाखवायला गेला होतात. त्याचं पुढं काय झालं ते पत्रात नाही. १९ हजार देण्याआधी लातूरच्याच मेकॅनिकला सांगा, येत्या वर्षभरात या गाडीला काय काय लागेल त्याची यादी दे. क्लच, टायर, सस्पेन्शन, इंजेक्टर, टर्बो. बेल्ट धरून बेरीज लाखाच्या घरात गेली तर मी हा खर्च करणार नाही, गाडी विकेन. चाळीस-पन्नास हजारांत निभावत असेल आणि गाडी आणखी तीन-चार वर्षं ठेवायची असेल, तर करेन. ही माझी मोजपट्टी, तुमची थोडी इकडं-तिकडं होऊ शकते. पण बेरीज एकदा कागदावर मांडाच. नुसत्या बेल्टवरून भांडण्यात अर्थ नाही.

दहा वर्षांनी डिझेल गाडी बाद, हा नियम दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसरातल्या निर्बंधांचा आहे. बातम्यांतून तो एवढा ऐकू येतो की सगळ्या देशाला लागू आहे असं वाटू लागतं. महाराष्ट्रात खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं आरटीओत गाडी तपासून, पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तुमची गाडी २०१४ ची, म्हणजे पहिली मुदतच २०२९ पर्यंत आहे.

सोयाबीनचे पैसे येईपर्यंत थांबायला काय हरकत आहे? शेतकऱ्याच्या घरात पैसा बारा महिने सारखा नसतो, हे मला ठाऊक आहे. थांबा, पण गाडीही थांबवा. "तोवर गावातल्या गावात चालवू" यानं माणसांचा धोका कमी होतो, इंजिनाचा होत नाही. बेल्ट अंगणात स्टार्ट करतानाही तुटू शकतो. निदान सोलापूर आणि लातूरच्या फेऱ्या तेवढ्या दिवसांपुरत्या एसटीनं करा. सासूबाई ७७ च्या, म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यांचं आधार कार्ड सोबत ठेवा. तुम्हाला आणि लेकीला महिला म्हणून अर्धं तिकीट. हृदयाच्या पेशंटला एसटीत बसवायचं नसेल तर त्या एका दिवसापुरती भाड्याची गाडी सांगा. खर्च होईलच, पण कळंब-बार्शीच्या रस्त्यावर भर दुपारी बंद पडलेल्या गाडीत त्यांना बसवून ठेवण्यापेक्षा तो परवडला.

धावत्या गाडीत बेल्ट तुटला तर इंजिन बंद पडतं, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांनंतर संपते. ब्रेक लागतात, पण पाय जोरात रोवावा लागतो. गाडी कोण चालवतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. जे चालवतं त्याला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या क्षणी ब्रेकच गेले असं वाटून गडबड होणार नाही. इंडिकेटर लावून गाडी डावीकडं घ्यायची आणि पुन्हा सेल्फ मारायचा नाही. सेल्फ मारला आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सरसर फिरल्यासारखं वाटलं, तर तिथंच थांबायचं. आपल्याकडं गाडी बंद पडली की चार माणसं धावत येतात आणि "सेकंडला टाका, धक्का मारू" म्हणतात. त्यांचे आभार माना आणि धक्का मारू देऊ नका. बेल्ट तुटलेला असेल तर त्या धक्क्यानं वाचलेले व्हॉल्व्हही वाकतील.

आता केजच्या चुलतभावाचं. पत्रात तुम्ही हे एका ओळीत उरकलंय, पण मला वाटतं तुमच्या पोटातल्या गोळ्याचा निम्मा भाग हाच आहे. ताई, तो ही गाडी घेऊन कुठं जाणार? लग्नांना, दवाखान्यात, तुळजापूरला, तुमच्यासारखाच बायको-पोरांना घेऊन. ज्या रस्त्यावर तुम्हाला भीती वाटते त्याच रस्त्यावर त्याला न सांगता पाठवायचं. दोन महिन्यांत इंजिन बसलं तर "आम्हाला माहीतच नव्हतं" असं म्हणायची सोय तुम्हाला नाही, कारण लातूरच्या मेकॅनिकनं तुमच्या तोंडावर विचारलंय. आणि भावकीत अशी गोष्ट वर्षानुवर्षं निघत राहते, लग्नकार्यात, वाटणीत, कुठंही.

भावाला गाडी विकायला माझी काहीच हरकत नाही. फक्त असं सांगा, "बेल्टची नोंद नाही, बदलावा लागेल, १९ हजारांचा अंदाज आहे, तेवढे कमी दे आणि आधी बेल्ट बदल, मग चालव." व्हॉट्सॲपवर लिहूनच पाठवा, म्हणजे उद्या कुणाच्या आठवणीवर विसंबायला नको. तुम्हाला आधी खिशातून १९ हजार काढावे लागणार नाहीत, त्याला गाडी खरं सांगून मिळेल. आणि भाऊ असला तरी मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी त्याच्या नावावर झाल्याशिवाय विषय संपला असं समजू नका. अपघात झाला तर विचारणा ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडंच होते. यजमानांना हे कसं सांगायचं ते तुम्हीच जास्त चांगलं जाणता. मी एवढंच सुचवेन, की खरं-खोट्याचा वाद न घालता "आपण सांगितलं तर आपलं नुकसान फक्त १९ हजारांचं आहे" इथून बोलणं सुरू करा.

गाडी ठेवायची ठरली तर काम कुठं करायचं? २८ हजार की १९, हा प्रश्न मी शेवटी विचारेन. आधी हे विचारा, की याच इंजिनाचा बेल्ट तुम्ही यापूर्वी बदललाय का आणि तुमच्याकडं टायमिंगच्या लॉक पिना आहेत का? या इंजिनात क्रँक आणि कॅम दोन्ही ठरलेल्या जागी पिनांनी अडकवूनच बेल्ट चढवतात. "पिना कशाला, व्हाइटनरची खूण मारतो की," असं उत्तर आलं तर हसून चहा प्या आणि दुसरं गॅरेज शोधा. खुणेवर काम होतही असेल, पण दाताचा फरक पडला तर तुमच्या इंजिनावर पडणार. बेल्ट चढवल्यावर इंजिन हातानं, पान्यानं दोन पूर्ण फेरे फिरवून पिना पुन्हा बसतात का ते पाहायचं असतं, त्यानंतरच सेल्फ. हे त्याला आधीच विचारून ठेवा. न रागावता समजावून सांगणारा माणूस असेल तर १९ हजारांत खुशाल करून घ्या. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणजे आपोआप चांगलं आणि बाहेरचं गॅरेज म्हणजे आपोआप कच्चं, असं नसतं. काम कोणता हात करतो त्यावर आहे.

किट पूर्ण घ्या. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, नवं कूलंट. बाहेरचा बेल्टही याच वेळी बदला. या इंजिनात तो फाटला तर त्याचे धागे पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये शिरू शकतात, मग नवा टायमिंग बेल्टही वाचत नाही. दीड-दोन हजारांसाठी ही जोखीम ठेवू नका. गेट्स, कॉन्टिटेक, डेको, एसकेएफ, आयएनए ही या धंद्यातली जुनी नावं आहेत, पण त्यांच्या नावाची नकली खोकीही बाजारात फिरतात. त्यामुळं सीलबंद खोकं तुमच्या समोर फोडायला सांगा, पार्ट नंबरचा फोटो काढा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलावर "टायमिंग बेल्ट किट" हे शब्द, तारीख आणि किलोमीटर यायला हवेत. नुसतं "बेल्ट बदलला" नको, त्या एका पावतीनं तुम्हाला किती घोळात टाकलं ते पाहिलंतच. निघालेला बेल्ट, टेन्शनर आणि पंप पिशवीत घालून मागून घ्या. यात संशय घेतल्यासारखं होत नाही, चांगला मेकॅनिक स्वतःहून दाखवतो.

गावच्या मेकॅनिकला तो जुना बेल्ट जरूर नेऊन दाखवा. उलटा वाकवून, दातांच्या बुडाशी काय दिसतं ते त्यालाच पाहू द्या. जमलं तर कामाच्या दिवशी त्यालाच लातूरला सोबत न्या. त्याचा मान राहील, तुमच्या बाजूनं बघणारा एक माणूस तिथं असेल, आणि गावात या इंजिनाची पुढची गाडी आली तर त्याच्या मालकाला वेगळा सल्ला मिळेल.

हे पत्र वाचून बॉनेट उघडायला निघालेल्या इतर वाचकांसाठी थोडं. प्रत्येक गाडीत बेल्ट नसतो. १.३ लिटर डिझेलच्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगामध्ये चेन आहे. आय-टेनच्या १.१ इंजिनात बेल्ट, १.२ कप्पा इंजिनात चेन. जुनी सँट्रो, मारुती ८००, अल्टो ८००, १.१ वॅगनआर, १.४ डिझेल इंडिका, पोलो-व्हेंटो डिझेल, फिगो आणि इकोस्पोर्ट डिझेल या बेल्टवाल्या. टेरानो, सनी डिझेल, व्हेरिटो डिझेल यांच्यात तर या ताईंच्याच डस्टरचं इंजिन आहे. जुन्या २.५ इनोव्हात बेल्ट आहे, इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ मध्ये चेन. जुन्या इनोव्हाच्या मीटरवर टी-बेल्टचा, म्हणजे टायमिंग बेल्टचा दिवा लागतो, पण तो फक्त किलोमीटर मोजून लागतो आणि बेल्ट न बदलताही विझवता येतो. जुनी इनोव्हा घेताना दिवा विझलेला आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, बिल मागा. चेनवाल्यांनीही फार खूश होऊ नये. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन ढिली पडते. फरक एवढाच, की ती सहसा आधी खडखडून सांगते. आपल्या गाडीत काय आहे ते पुस्तिकेत पाहा किंवा इंजिनाचं नाव सांगून विचारा. एकाच मॉडेलमध्ये दोन तऱ्हेची इंजिनं असतात, त्यामुळं "माझ्या मेहुण्याच्या गाडीत चेन आहे" यावर जाऊ नका.

ताई, तुमच्याकडं मुलीची सुट्टी, सासूबाईंची तारीख आणि शाळा, तिन्ही जुळवायची आहेत. काम साधारण एका दिवसाचं असतं, तरी गाडी दोन दिवस गॅरेजात राहील असं धरा. आणि सोलापूरची तारीख बेल्ट बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका. आधी आठ दिवस गावात आणि लातूरपर्यंत गाडी चालवा. पंप नवा बसलेला असेल, त्यामुळं सकाळी इंजिन गार असताना कूलंटची पातळी खुणेवर आहे का ते दोन-तीनदा पाहा, गाडीखाली ओल दिसते का तेही पाहा. पातळी उतरत असेल तर सोलापूरला निघण्याआधी गाडी लातूरला परत दाखवा, आणि जाताना बिल सोबत न्यायला विसरू नका.